सोलापूरची फिएट

फिएट ही सोलापूरची गाडी आहे, हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो आहे. बाहेरगावचा माणूस ते ऐकून हसतो आणि त्याचं हसणं काही चुकीचं नाही. फिएट ही इटलीची कंपनी. रोमन लिपीतली तिच्या नावाची चार अक्षरं म्हणजे चार इटालियन शब्दांची आद्याक्षरं. त्यातलं शेवटचं अक्षर तोरिनोचं, म्हणजे आपण इंग्रजीवरून ज्याला तुरीन म्हणतो त्या शहराचं. गावाचा अभिमान गाडीच्या नावातच ठोकून बसवलेला आहे. फक्त ते गाव आमचं नाही.

तरीही सोलापुरात पाच-सात जुने फिएटवाले कुठंही एकत्र आले, की चहाच्या दुसऱ्या कपाला हे वाक्य येतंच. चादर, सिद्धेश्वराची यात्रा, डॉक्टर कोटणीस, १९३० चा मार्शल लॉ आणि पुढं जानेवारी १९३१ मध्ये फासावर गेलेले चार हुतात्मे ही आमच्या अभिमानाची यादी. त्या यादीत ही गाडीही कधीतरी जाऊन बसली आहे. मंडळी नाना प्रकारची असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, आणि पॉवर स्टिअरिंगवर गाडी शिकलेली दोन तरुण पोरं आहेत, ती आता आजोबांची गाडी बाहेर काढतात. गप्पा ठरलेल्या. कुणाचा बंपर मूळचा, कुणाचा नंतर बसवलेला. पुण्याला जाताना टेंभुर्णीच्या अलीकडे कोण कसा बंद पडला. लिटरला किती किलोमीटर गेली (या बाबतीत सगळेच थोडं वाढवून सांगतात). मला स्वतःची गाडी नाही. मी बी.ए. झालेला, बसनं फिरणारा कवितेचा माणूस. पण माझे अब्बा फिएटचे मिस्त्री होते, एवढ्या वशिल्यावर मला तिथं खुर्ची मिळते.

या अभिमानाचं मूळ एका माणसात आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. गुजरातेतून येऊन इथं स्थायिक झालेलं जैन कुटुंब. घरचा व्यापार चालू होता, पण हा मुलगा पेढीवर रमला नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पुढं बोरघाटातले रेल्वेचे बोगदे झाले. १९१९ साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली; ती ज्या ५ एप्रिलला निघाली, तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंदापूर तालुक्यात उसाच्या जिवावर वालचंदनगर उभं राहिलं. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातल्या एका गोष्टीपाशी मात्र मला थांबायचं आहे.

१९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले ते मोटारीसाठी. हिंदुस्थानात मोटार बनवण्याची योजना सर विश्वेश्वरय्यांनी आधीच मांडली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली होती. तोवर मोटारी इथं नुसत्या जोडल्या जात. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत असा जोडणीचा कारखाना चालवला होता. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीनं यायचे आणि आपले कामगार ते आवळायचे. वालचंदांना भागच इथं बनवायचे होते. फोर्डशी बोलणी फिसकटली, पुढं क्रायस्लरशी जमलं. त्याच प्रवासात पॅन अमेरिकनच्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. हा गृहस्थ चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं, बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. माणूस मोटार आणायला गेला आणि विमान घेऊन आला!

मोटारीला मात्र इंग्रज सरकारनं दाद दिली नाही. युद्ध चालू होतं, यंत्रांसाठी डॉलर हवे होते, आणि मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा आहे हे सरकार मान्य करेना. मध्ये १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७ साल उजाडलं. त्याही डॉज, डिसोटो, प्लायमाउथ अशा अमेरिकन नावांच्या. आठ वर्षं हा माणूस एका मोटारीच्या मागं लागला होता, आणि विमान व जहाज त्यानं मधल्या मध्ये उरकून घेतलं. आमचे बँकेतले साहेब हे सांगताना दर वेळी टेबलावर थाप मारतात. मला ती थाप योग्य वाटते.

पण त्यापुढच्या तारखा कुणी सांगत नाही. फिएटशी प्रीमियरचं जमलं ते पन्नासच्या दशकाच्या तोंडाशी. आपण जिला फिएट म्हणून ओळखतो तिची आई, अकराशे-एकशेतीन या नावाची गाडी, जगापुढं आली मार्च १९५३ मध्ये, जीनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात. वालचंद प्रकृतीमुळे आधीच कारभारातून बाजूला झाले होते, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले. म्हणजे जिच्याकडे बोट दाखवून आम्ही 'आमच्या वालचंदशेठची गाडी' म्हणतो, ती बहुधा त्यांनी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. पद्मिनी तर फारच लांबची. ते नाव १९७४ चं.

हे मी एकदा गप्पांत सांगितलं. दातांचे डॉक्टर लगेच म्हणाले, "अहो, आंबा लावणारा कुठं आंबा खातो?" उत्तर झकास होतं, टाळ्या पडल्या. माझं मात्र समाधान झालं नाही. आंबा लावणाऱ्याचं नाव राहतं हे ठीक आहे. पण पन्नास वर्षं त्या झाडाला पाणी कुणी घातलं, याची चौकशी नको का करायला?

ती करायची तर त्या काळाची थोडी कल्पना हवी. १९५३ साली टॅरिफ कमिशननं शिफारस केली, की ज्यांना गाडीचे भाग टप्प्याटप्प्यानं इथंच बनवायचे आहेत त्यांनीच या धंद्यात राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. मोटारगाड्यांच्या बाजारात मुख्यतः तिघी उरल्या: कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्सची, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत मध्यमवर्गीय माणसाच्या मोटारीचं जग एवढंच होतं. ॲम्बेसिडर सरकारची आणि फिएट डॉक्टर-वकिलांची, अशी आमच्या गावात वाटणी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. नंबर लागला की काही जण गाडी घरीही न नेता वर पैसे घेऊन विकायचे. त्या वरच्या पैशाला 'ऑन' म्हणत. "फिएटला ऑन किती चाललाय?" हा प्रश्न तेव्हा ज्वारीच्या भावासारखा विचारला जायचा.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनीही १९६४ ची फिएट घेतली होती. किंमत बारा हजार. जवळ सात हजार होते, म्हणून पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि ते कर्ज ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. दिल्लीत त्यांच्या स्मारकात ती गाडी ठेवली आहे. गावाच्या अभिमानाशी या गोष्टीचा काही संबंध नाही, पण फिएटवाल्यांच्या बैठकीत ती सांगितल्याशिवाय कुणी उठत नाही, म्हणून मीही सांगितली.

आता एक कडू गोष्ट. इटलीनं या अकराशेचं उत्पादन १९६९ साली थांबवलं. आपण तीच गाडी, थोडा चेहरा बदलून, पुढं तीस वर्षं बनवत राहिलो. जुन्या गाड्यांचे भक्त याला टिकाऊपणा म्हणतात. मी म्हणत नाही. गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, शेजारी दुसरं दुकान नव्हतं, मग माल बदलायचा कशाला, असा तो मामला. शोरूममधून निघालेली नवी गाडी पहिल्या महिन्यातच कशाला ना कशाला अब्बांकडे यायची. आमच्या घरची चूल त्यावर पेटायची, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही, एवढंच.

अब्बांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, पत्र्याची शेड आणि जमिनीत खणलेला खड्डा. सुरुवातीच्या गाड्यांची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. या गोल अंगाच्या गाडीला मुंबईत आणि आमच्याकडेही 'डुक्कर फिएट' म्हणत. समोरून पाहिलं तर नाव अगदी खोटं नाही. आमच्या घरात तो शब्द तोंडात घेणं अवघड. गिऱ्हाईक ओरडायचं, "मिस्त्री, माझी डुक्कर कधी देताय?" अब्बा मान हलवायचे आणि वहीत लिहायचे: गोल गाडी, क्लच.

सोलापूरचा उन्हाळा ठाऊक आहे ना? मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो. तुरीनमध्ये बसून ज्यांनी या गाडीचा आराखडा काढला, त्यांच्या खिडकीतून आल्प्सचा बर्फ दिसत असणार. आमच्याकडे दुपारी पंपातलं पेट्रोलच तापून वाफ व्हायचं आणि गाडी मोहोळच्या रस्त्यावर मुकाट्यानं उभी राहायची. त्यावर अब्बांचा इलाज असा: सुती चिंधी भिजवायची, पेट्रोल पंपावर गुंडाळायची आणि सावलीत बसून एक बिडी ओढायची. बिडी संपली की गाडी चालू. रेडिएटर गळायला लागला आणि गाव लांब असलं तर त्यात मूठभर हळद टाकायची. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर धुण्याचा साबण घासून बसवायचा. गॅस्केट मिळालं नाही तर पुठ्ठा त्या जागेवर धरून गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकायचं. लोखंडाची धारच पुठ्ठा कापते आणि नेमका आकार हातात येतो. ब्रेकचे जुने लायनर काढून नवे रिव्हेट करायचे. टॅपेटचा आवाज कानानं ओळखायचा. माझा मोठा भाऊ फीलर गेज घेऊन बसायचा तेव्हा अब्बा म्हणायचे, "गाडी बोलती रे, तू सुनता नै."

यातली एकही गोष्ट कुर्ल्याच्या किंवा तुरीनच्या कारखान्यानं छापलेल्या पुस्तकात नव्हती. ती सोलापूरच्या, लातूरच्या, नांदेडच्या झाडाखाली शोधली गेली, आणि बहुतेक शोधणाऱ्यांना सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हतं.

गॅरेजची भाषाही तिथंच तयार झाली. यंत्र इटलीत आखलेलं, कुर्ल्यात ओतलेलं, भागांची नावं इंग्रजी, क्रियापदं दखनी आणि बिल मराठीत. पोरांना अब्बा सांगायचे, "टॅपेट ढिल्ले हुए, कस ले." तोंड वळवून वकीलसाहेबांना तेच सांगायचे, "टॅपेट ढिले झालेत साहेब, आवळून देतो, संध्याकाळी या." आपण भाषा बदलली हे त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. ज्या गावात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या गावचा मी माणूस. तरीही परगावच्या कवीसंमेलनात हमखास कुणीतरी कौतुकानं विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले? मराठी फार छान आहे हो तुमचं." मी 'सोलापूरचा' म्हणतो. "नाही, पण मूळचे?" त्या वेळी मला अब्बांची ती बिलाची वही आठवते.

मूळचं कोण, हा प्रश्न गाडीलाही सुटलेला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावरचं फिएट हे नाव गेलं. ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीवरून हे नाव दिलं असं सांगतात. आता गंमत पाहा. चितोडवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली १३०३ साली. त्या स्वारीबरोबर असलेल्या अमीर खुसरोनं वेढ्याचं वर्णन लिहिलंय, त्यात पद्मिनी नाही. ती आपल्याला भेटते जवळजवळ अडीचशे वर्षांनी, मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीच्या 'पद्मावत' या अवधी काव्यात. म्हणजे इटलीची गाडी, गुजराती जैन घरातल्या सोलापूरकरानं काढलेली कंपनी, आणि गाडीचं नाव एका मुसलमान कवीनं लोकांच्या भाषेत अजरामर केलेल्या रजपूत राणीचं. लोकांनी मात्र नव्या नावाला भीक घातली नाही. पाट्या बदलल्या तरी आमच्याकडे ती शेवटपर्यंत फिएटच राहिली.

आमच्या तरुण पोरांना सध्या 'ओरिजिनल'चं वेड आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी हवी. त्यांनी अब्बांच्या एका शागिर्दाला, म्हणजे आता सत्तरी ओलांडलेल्या आमच्या चाचांना, एक गाडी दाखवली. चाचांनी बॉनेट उघडून भाग मोजायला सुरुवात केली. डायनामो जाऊन मारुतीचा अल्टरनेटर बसलेला. रेडिएटर इथल्याच कारागिरानं डाग देऊन नवा केलेला. गॅस्केट हातानं कापलेलं. बुश लेथवर ओढलेले. पोरांचे चेहरे पडले. चाचा म्हणाले, "ये ओरिजिनल नै तो क्या है? ये सब मेरे हात का है." पोरांना ते पटलं नाही. त्यांनी पुण्याहून डायनामो मागवलाय. मला विचाराल तर मी चाचांच्या बाजूचा आहे, पण पोरंही गाडी जपतायत, त्यांच्याशी भांडणार कसं?

कुर्ल्याच्या कामगारांचं नाव तर आमच्या गप्पांत निघतच नाही. ज्या हातांनी ही गाडी खरोखर ओतली, ठोकली, रंगवली ते हात तिथले. दत्ता सामंतांच्या युनियनचा तो एक मोठा गड होता. संप, वाटाघाटी, पुन्हा संप, असा तो इतिहास आहे. त्यात कुणाची बाजू किती खरी, हे सोलापुरात बसून मी ठरवणार नाही. मारुती आली, पद्मिनीची रांग ओसरली. १९९६ साली फिएटची उनो याच कारखान्यातून निघाली; बुकिंगला झुंबड उडाली, पण कामगार आणि व्यवस्थापन यांच्या तंट्यात गाड्या वेळेवर मिळेनात. दोन हजार सालाच्या सुमारास पद्मिनीही बंद झाली. गिरण्यांच्या गावातल्या लोकांना भोंगा थांबल्यावर काय होतं ते समजावून सांगायला नको. कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. रस्त्याच्या नावात प्रीमियर हा शब्द तेवढा उरला आहे.

पद्मिनीला त्यानंतरही वीस वर्षं जगवलं ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. काळं अंग, पिवळं टप, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरचा दांडा. कुणी डिझेल इंजिन घातलं, पुढं सीएनजीची टाकी आली आणि डिकीतली जागा गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ही टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत पानं भरून आठवणी आल्या. त्या बहुतेक मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या होत्या.

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा मुंबईतला एक मोठा बाजार कुर्ल्यातच आहे. जिथं ही गाडी जन्मली, तिथून हाकेच्या अंतरावर तिची दारं, काचा, हँडलं वेगळी काढून मांडलेली असतात. आमची मंडळी तिथून माल मागवतात. पूर्वी पेट्यांतून भाग यायचे तसेच ते आताही येतात, फक्त बोटीऐवजी ट्रॅव्हल्सच्या टपावरून. मध्यंतरी बँकेतल्या साहेबांच्या पांढऱ्या गाडीसाठी पुढचं डावं दार आलं, ते एका टॅक्सीचं निघालं. चाचांनी ते बसवलं, बाहेरून पांढरा रंग मारला. आतल्या कडेला काळा रंग तसाच होता. साहेबांनी तो राहू द्यायला सांगितलं.